कंबर दुखते, ती सुईमुळे नव्हे

आज एका बारशाला ओल्या बाळंतिणीला एक मावशी म्हणाल्या, “पाठीत इंजेक्शन घेतलंस ना, आता कंबर जन्माची गेली बघ,” आणि भोवतालच्या साऱ्याजणींनी माना डोलावल्या, तेव्हापासून माझे डोके फिरले आहे.

माझ्या आईची सगळी बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून झाली. तिच्या पाठीला सुई कधी लागलीच नाही, तरीही मला कळते तेव्हापासून मोरीतून उठताना तिचा एक हात भिंतीला आणि दुसरा कमरेला असतो. हे दुखणे कोणत्या इंजेक्शनाच्या माथी मारायचे?

सिझेरियनच्या वेळी भूल देण्याची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ती टोचतात. टोचल्या जागी काही दिवस दुखते, एखादीचे डोकेही धरते, हे मान्य. पण वर्षानुवर्षांचे दुखणे तिथून येत नाही. गरोदरपणातच संप्रेरकांमुळे कटिभागाचे सांधे सैलावतात, पोटाचे स्नायू ताणून दुबळे होतात आणि वाढत्या पोटाचा तोल सावरताना कमरेवर ताण येतो, त्यामुळे कित्येकींची कंबर प्रसूतीआधीच दुखू लागलेली असते. पुढे तीच बाई खाली वाकून मूल उचलते, कुबड काढून दूध पाजते, आणि सव्वा महिना सरला की भरलेली बादलीही तिच्याच हाती येते. माझ्या आईला तर तेवढीही सवड मिळाली नव्हती. कडेवर मूल आणि डोक्यावर घागर घेऊन ती विहिरीवरून येत असे आणि घरात त्याचे कोणाला काही वाटत नसे.

इंजेक्शनाला दोष दिला की घरात कोणालाच काही बदलावे लागत नाही, ही खरी सोय आहे.

त्या मावशींवर आता तितका राग उरलेला नाही. उठताना त्यांनीही कमरेवर हात ठेवला होता, आणि त्यांची कंबर का दुखते हे त्यांना आजवर कोणी धड सांगितले नसावे.

बाळंतिणीने पाठीला लोड लावून बसावे, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत आणावे, डॉक्टरांना विचारून पोटापाठीचे व्यायाम सुरू करावेत. पाय बधिर होऊ लागले, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप आला, तर मात्र घरगुती शेक-लेप बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठावा. अंघोळीची बादली बाळाच्या बापाने उचलावी. त्याच्या पाठीत तर कोणी सुई टोचलेली नाही.