‘जंगलाची जमीन सुपीकच असणार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकमहोदयांस,

जंगलतोड आणि शेतीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागाने आणि एकदा त्यात मुद्दा आहे का हे शोधायला. ‘पंख्याखाली बसून झाडांना मिठ्या मारणारे’ ही पदवी मिळाली, आभारी आहे. मातीचे नमुने तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. पंखा होता, पण तो नमुने वाळवायला.

एक चूक मान्य. १ हेक्टर म्हणजे २ एकर असं मी लिहिलं होतं, ते सुमारे २.४७ हवं. दुरुस्त केलं आहे. पण तेवढ्यावरून ‘सगळा लेखच उचललेला’ हा शोध लावायला वेगळीच प्रतिभा लागते.

आता तुमचं ते वाक्य: ‘जमीन सुपीक नसती तर एवढी मोठी झाडं वाढलीच नसती, साधी गोष्ट आहे.’

साधी नाही. उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलांखाली बऱ्याच ठिकाणी फार जुनी, पावसाने धुऊन निघालेली, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली माती असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) त्यातून केव्हाच वाहून गेलेले असतात. झाडं जगतात ती गळलेल्या पानांवर. पान पडतं, बुरशी ते कुजवते आणि वरच्या वीतभर थरात पसरलेली बारीक मुळं सुटलेलं अन्न खाली झिरपायच्या आत उचलतात. सगळा ऐवज झाडांच्या अंगावर, तिजोरी रिकामी. तुम्ही अंगावरचे दागिने पाहून तिजोरीचा अंदाज बांधलात.

झाडं तोडून, वाळवून पेटवली की नत्र आणि गंधक बरेचसे धुरात जातात. राखेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश उरतात. राखेने सामू (pH, तो जितका कमी तितकी माती आम्ल) चढतो, मुळांना होणारा ॲल्युमिनियमचा त्रास थांबतो आणि पहिलं पीक दृष्ट लागावी असं येतं. तुम्ही ‘पुरावा’ म्हणून जो दाखवता तो हाच पहिला हंगाम. पुढे पाऊस पालाश धुऊन नेतो, सामू पुन्हा ५.५ च्या खाली घसरतो, ॲल्युमिनियम विरघळतो आणि मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी होऊन खुंटतात. अशी मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचत नाहीत. आठ-दहा दिवस पावसाने ओढ दिली की पीक माना टाकतं आणि बोल पावसाला लागतो. स्फुरद (फॉस्फरस) घालाल, तर तेच ऑक्साइड तो धरून बसतात आणि पिकाच्या वाट्याला थोडाच येतो. सेंद्रिय कर्बाचं, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत साठणाऱ्या कार्बनचं, वेगळंच. नैसर्गिक जंगल मोडून पिकाखाली आणलेल्या जमिनींत तो सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटल्याचं २००२ साली जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. फिरती शेती करणारे दोन-तीन हंगामांनी जागा सोडतात ते आळशी आहेत म्हणून नव्हे.

बुलडोझर लावलात तर तो पहिला हंगामही हाती लागत नाही. पेरूमध्ये युरिमाग्वास इथे १९७० च्या दशकात हे शेतात करून पाहिलं गेलं. तोडून जाळलेल्या तुकड्यांच्या मानाने बुलडोझरने साफ केलेल्यांत पीक पुष्कळ कमी आलं. राख मिळाली नाही, वजनाने माती दबली आणि पात्याने वरचा थर खरवडून कडेला नेऊन टाकला.

ज्वालामुखीची राख किंवा नदीचा गाळ असेल तिथे तुमचं वाक्य चालून जाईल, उदाहरणार्थ जावा बेटावर. पण ‘काही ठिकाणी’ हे दोन शब्द लिहायचे कष्ट तुम्ही घेतले नव्हतेत.

‘ब्राझीलने जंगल तोडून जगाला सोयाबीन दिलं’ म्हणता. त्या सोयाबीनचा मोठा वाटा सेराडोत पिकतो आणि सेराडो हा मुख्यतः विखुरलेल्या झाडांचा गवताळ प्रदेश आहे. (तिथलंही जीवन दांडगं होतं, पण ते असो.) ती जमीनही आयती पिकली नाही. हेक्टरी काही टन चुना घालून आधी आम्लता मोडावी लागली, मग स्फुरद, मग पालाश. सेराडो पिकाखाली आणण्याच्या कामासाठी २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार तिघांत विभागून दिला गेला, त्यांतले एडसन लोबाटो मातीचेच अभ्यासक. आज ब्राझील लागणाऱ्या खतांपैकी ८० टक्क्यांहून अधिक खत बाहेरून आणतो. जहाजं अडली की तुमची अन्नसुरक्षा बंदरात उभी.

‘पोट फुलपाखरांनी भरत नाही’ हा विनोद सोडून देतो. गहू-तांदळाला मधमाशी लागत नाही, बरोबर. पण जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमीअधिक प्रमाणात कीटकांसारख्या जिवांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. कोकोच्या फुलात शिरणारी चिलटं तर कुजत्या पाचोळ्यातच वाढतात. पाचोळा गेला की फुलं भरपूर, शेंगा मोजक्या.

लोकसंख्या, सरकार आणि ‘तुम्हाला पैसे कोण पुरवतं’ यांवर उत्तर देणार नाही.

एक काम मात्र करून बघा. अशा जंगलालगत नांगराखाली आणायचं चाललेल्या तुकड्यात, मालकाला विचारून, पाचोळा बाजूला सारा आणि अर्धा मीटर खणा. ० ते १० आणि ३० ते ५० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे घ्या. एकत्र केलेत तर वरच्या काळ्या मातीने खालचं दुखणं झाकलं जातं. सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, एक भाग माती अडीच भाग शुद्ध पाण्यात ढवळून अर्ध्या तासाने सामू मोजा. विनिमयक्षम ॲल्युमिनियम (मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, मुळांना बाधणारं) प्रयोगशाळेतून काढून घ्या. आकडे आले की इथेच लिहा, टोपणनावाने चालतील.