हाँगकाँगची चूल वेगळी, म्हणून खुर्चीही वेगळी?

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका शिपिंग बिलावरून. आमचा एक मित्र हिऱ्यांच्या पेढीत निर्यातीची कागदपत्रे पाहतो. पैलू पाडलेले हिरे हाँगकाँगला पाठवताना देशाच्या रकान्यात आजही ‘हाँगकाँग’ असेच लिहावे लागते, ‘चीन’ नव्हे, असे तो सहज बोलून गेला.

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या अण्णांना ते पटेना. १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनचा झेंडा उतरून चीनचा चढला, मग जागतिक व्यापार संघटनेत चीनची एक आणि हाँगकाँगची दुसरी अशा दोन खुर्च्या कशा, एकाच घराला दोन शिधापत्रिका कशा चालतात, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

“अण्णा, शिधापत्रिका घराच्या मालकीवर मिळत नाही, चुलीवर मिळते,” आमचा वकील मित्र म्हणाला. या संघटनेचे सभासदत्व केवळ सार्वभौम देशांपुरते नाही. ज्या प्रदेशाला स्वतःचा परदेशी व्यापार चालवण्याची पूर्ण स्वायत्तता आहे, असे स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्रही सभासद होऊ शकते, हे त्याने समजावून सांगितले. हाँगकाँग २३ एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे ब्रिटिश अमलातच, ‘गॅट’ या संघटनेच्या आधीच्या जागतिक व्यापार करारात स्वतंत्रपणे दाखल झाले. तसे ब्रिटनने जाहीर केले आणि १९९७ नंतरही ही व्यवस्था चालू राहील, अशी ग्वाही चीनने त्याच वेळी दिली. १९८४ च्या ब्रिटन-चीन संयुक्त घोषणापत्रात त्याची तरतूद होतीच. पुढे हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या ११६ व्या कलमात ती आली. नाव मात्र ठरले ‘हाँगकाँग, चीन’. माझ्या मते सारा समझोता त्या स्वल्पविरामात सामावलेला आहे. पोर्तुगीज अमलातले मकाव याच वाटेने गेले. चीन स्वतः मात्र ११ डिसेंबर २००१ रोजी संघटनेत आला; म्हणजे १९९५ मध्ये संघटना सुरू झाली तेव्हापासून, मालकाच्या आधी जवळपास सात वर्षे, हाँगकाँग तिथे संस्थापक सभासद म्हणून बसलेले होते.

अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आपला भारतही स्वातंत्र्याआधीच राष्ट्रसंघाचा सभासद होता. पण त्या खुर्चीतून बोलत कोण होते? खुर्ची आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. तिच्यावर बसणाऱ्याला स्वतःचा आवाज आहे का, ते सांगा.”

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वकिलाने उत्तरादाखल २००३ चा करार पुढे केला. एकाच देशातल्या या दोन सभासदांनी आपसात व्यापार करार केला, कारण दोघांमध्ये सीमाशुल्काची खरीखुरी हद्द आहे. हाँगकाँग मुक्त बंदर असून तिथे आयातीवर जकात नाही, चीनमध्ये ती आहे. पेढीवाल्या मित्रानेही मान डोलावली, कारण हिऱ्यांच्या व्यापाराला हाँगकाँग सोयीचे आहे ते बरेचसे याच जकातमाफीमुळे.

“पण शेजाऱ्यांनीच चूल वेगळी मानली नाही तर?” अण्णांनी विचारले. अमेरिकेने ते २०२० साली केलेच होते. चीनने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा तिथे लागू झाल्यावर हाँगकाँग आता पुरेसे स्वायत्त उरले नाही, असे ठरवून तिने तिथल्या मालावर ‘चीनमध्ये बनलेले’ असा शिक्का सक्तीचा केला. हाँगकाँगने स्वतःच्या नावाने दाद मागितली आणि डिसेंबर २०२२ मध्ये व्यापार संघटनेच्या तंटा समितीने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. वकिलाला हा निर्णायक पुरावा वाटतो. मला तो निम्माच वाटतो. शिक्क्याविरुद्ध भांडणे चीनलाही सोयीचेच होते. हाँगकाँगचे हित आणि बीजिंगची इच्छा जिथे परस्परविरुद्ध जातील, तिथे ही खुर्ची काय बोलते, यावरच अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. संयुक्त घोषणापत्र हा आता व्यवहारात अर्थ न उरलेला ऐतिहासिक दस्तऐवज आहे, असे चीनच्या परराष्ट्र खात्याने २०१७ मध्येच म्हटले होते, हे आठवले की माझी काळजी वाढते.

त्या निकालाचे पुढे काय झाले, असे मित्राने विचारले. अमेरिकेने अपील केले; पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून नेमणुकांअभावी ठप्प आहे, म्हणून निकाल तसाच लटकला. २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर वाढीव कर लावला, तेव्हा हाँगकाँगचा मालही त्यातच धरला.

“आणि आपल्या बिलावर?” अण्णांनी विचारले.

“आपल्या बिलावर हाँगकाँगच,” मित्र म्हणाला.