महिन्याचं प्रार्थनापत्र

महिनाअखेर आली की माझ्या पोटात गोळा येतो. देणगीदारांना प्रार्थनापत्र, म्हणजे महिन्याच्या कामाची खबर आणि प्रार्थनेची विनंती, धाडायचं असतं ना! परदेशात मिशनची शिक्षिका म्हणून माझं हे पहिलंच वर्ष. दिवसभर अपूर्णांक शिकवते, रात्री वह्या तपासते, आणि पत्राला उत्तर काय? "छान चाललंय. पण किती जण प्रभूकडे आले?" दर महिन्याला तेच! अहो, अर्ध्या वर्गाला अजून छेद समान करता येत नाहीत. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश म्हणजे तीन सप्तमांश, असं बिनदिक्कत लिहितात पोरं. ते कळवू का?

बरं, माझा व्हिसा शिक्षिकेचा. वर्गात धर्मप्रचार करायचा नाही, या अटीवर मी सही केलीय. निघण्याआधी याच मंडळींना हे समजावलं होतं. तेव्हा कशा माना डोलावल्या सगळ्यांनी!

आणि वर फोटोचा तगादा. "मुलांसोबतचा एखादा हसरा पाठव, उपासनेत पडद्यावर दाखवू." कुणाच्या लेकराचा चेहरा त्याच्या आईबापाला न विचारता का पाठवू मी?

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात पोचला. त्याच्या हातून कृष्ण पालचा, म्हणजे पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला तो थेट डिसेंबर १८०० मध्ये. कॅरीच्या चिकाटीवर तासभर बोलणारेच माझ्याकडे महिन्याचा हिशेब मागतात!

या वेळी चाचणीचे गुणच जोडणार आहे, नावं खोडून. करा म्हणावं प्रार्थना, समान छेदासाठी.