चिमणीला कोंबडीचं माप लावू नका

जळगावच्या केळीबागांतल्या चिमण्यांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं 'कोंबडीसारखीच एमएचसी यंत्रणा' हे चिमणीबद्दलचं वाक्य खटकलं. (एमएचसी म्हणजे जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे पकडून रोगप्रतिकारक पेशींना दाखवणारी प्रथिनं आणि त्यांची जनुकं; त्यांचे वर्ग १ आणि वर्ग २ असे दोन मुख्य गट.) कोंबडीत वर्ग १ ची दोनच मुख्य जनुकं, त्यातही एकाचाच जोर. गाणाऱ्या पक्ष्यांत, म्हणजे चिमणीतही, याच्या कितीतरी प्रती असतात.

वर्ग १ च्या प्रथिनाची तुकडा पकडणारी खाच दोन्ही टोकांना बंद असते. त्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा बसतो आणि त्याची टोकाची, विशेषतः शेवटची, आम्लं खाचेतल्या खोलगट कप्प्यांत रुततात. कप्प्यातलं एक आम्ल बदललं की पकडले जाणारे तुकडेच बदलतात. वर्ग २ ची खाच उघडी, तुकडा लांब. इतकं पुरे.

खरी गफलत जनुकाच्या प्रती मोजताना होते. डीएनएसाठी रक्ताचे २०-३० मायक्रोलिटर भरपूर (पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं ना!). वर्ग १ साठी तिसरा एक्सॉन (जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला एक भाग) वाचतात. त्याआधी पीसीआरने त्या भागाच्या नकला काढतात; नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, जुळला नाही तर काही प्रती गळतात. पीसीआरची चक्रं जास्त झाली तर दोन प्रती जोडून तिसरीच खोटी तयार होते. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा लावायचा. शिवाय चिमणीत ६ बेसेस (डीएनएची अक्षरं) मुळातच नसलेल्या प्रतीही सापडतात. त्यांच्यात विविधता फारच कमी, त्या नेहमीच्या प्रतींत मिसळून मोजू नयेत.

जनुक आहे म्हणजे प्रथिन बनतंच असं नाही. ते तपासायला आरएनए (चालू जनुकाची पेशीतली नक्कल) लागतं. आणि मे महिन्यातल्या ४४ अंशांत नुसत्या थर्मासच्या भरवशावर ते टिकत नाही. डीएनए मात्र अल्कोहोलमध्ये निवांत राहतं.