सहकाऱ्यासोबत गेलात म्हणून दोघांचा एक प्रवासी होत नाही

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांतल्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतो आहे: ‘कंपनीच्या कामाने सहकाऱ्यासोबत परदेशी जाताय? अनुभवी लोकांचे ८ नियम.’ लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. ‘अनुभवी’ एवढीच सही. माझ्याकडे आधी आला तेव्हा मी तो पुसून टाकला होता. परवा तोच फोंड्याच्या माझ्या भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हें खरें?’ ती औषध कंपनीच्या गुणवत्ता खात्यात आहे आणि पहिल्यांदाच देशाबाहेर निघाली आहे. फ्रँकफर्टचं औषध प्रदर्शन, सोबत खात्यातले एक ज्येष्ठ, वाटेत आखातात विमान बदलायचं. तिला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण त्या ग्रुपांत तिच्यासारखी आणखी कितीतरी पोरं आहेत, आणि त्यांनी मामाला विचारलेलं नाही.

आठही नियमांच्या मुळाशी एकच दावा आहे: दोघांनी मिळून एकच प्रवासी आहोत असं समजून वागा. पासपोर्ट एकाकडे, सामान एकत्र, औषधांचा डबा एक, खोली एक, आणि परत आल्यावर बोलणंही एक. मी निर्यात खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, सहकाऱ्यांसोबत भरपूर फिरलो आहे. हा दावा मुळातच चुकीचा आहे. इमिग्रेशनच्या खिडकीसमोर एकेकटंच उभं राहावं लागतं. बॅगेवरच्या पट्टीवर एकाच माणसाचं नाव असतं.

फॉरवर्डच्या क्रमाने जात नाही. सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. तो तिसरा आहे: ‘सहकाऱ्याचं एखादं पाकीट आपल्या बॅगेत घ्यायला संकोच करू नका. तपासणीत विचारलं तर कंपनीचं पत्र दाखवा, सोडतात.’

कोण सोडतं? कंपनीच्या पत्रात तुम्ही कोण आणि कशासाठी निघालात एवढं लिहिलेलं असतं. बॅगेत काय आहे याची हमी कोणतीही कंपनी देत नाही, देऊही शकत नाही. चेक-इनला विचारतात, ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का? कोणी काही दिलं आहे का?’ आपण मान हलवून हो-नाही करतो. ते उत्तर तुमचं असतं, सहकाऱ्याचं नसतं.

ज्यांना हे फार ताणल्यासारखं वाटेल त्यांनी दोहाचं प्रकरण आठवावं. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला उतरलं. सहल नात्यातल्याच एका बाईने भेट म्हणून दिलेली, आणि तिथे कोणाला तरी द्यायचं म्हणून पाकीटही तिनेच सोबत दिलेलं. हमद विमानतळावर बॅगेतून सुमारे ४ किलो चरस निघालं. नवरा-बायको दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मुलगी तिथल्या कैदेतच जन्मली. इकडे घरच्यांनी अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडे धाव घेतली, तपासात पाकीट देणाऱ्यांचा छडा लागला, तो पुरावा कतारपर्यंत पोहोचला, खटला पुन्हा चालला आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटली. दोन वर्षांच्या आसपास गेली. घरचे धावले, ब्युरोने मनावर घेतलं, दूतावास मध्ये पडला, तरी एवढा काळ लागला. आणि पाकीट देणारी नात्यातली होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे का?

आपल्याकडचा कायदाही वेगळं सांगत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची कलमं ३५ आणि ५४ वाचा. माल तुमच्या ताब्यात सापडला की तो काय आहे हे तुम्हाला माहीत होतं असं न्यायालय धरून चालतं. माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. ‘सरांनी दिलं होतं’ म्हणून काही सिद्ध होत नाही.

बरं, पाकीट देणाऱ्याच्या मनात काळंबेरं असायलाच हवं असंही नाही. दाबोळी विमानतळाच्या जुन्या दिवसांतली गोष्ट. मी दुबईला निघालो होतो. बरोबरच्या ज्येष्ठांच्या शेजाऱ्यांनी मुलासाठी फराळाचा डबा आणला होता. स्टीलचा डबा, वर वर्तमानपत्र, त्यावर तपकिरी चिकटपट्टीचे वेढे. ज्येष्ठांची बॅग भरलेली, म्हणून डबा माझ्याकडे. मी म्हटलं, उघडून बघतो. त्या गृहस्थांचा चेहरा पडला, ज्येष्ठांनाही आवडलं नाही. तरी फुटपाथवर बसून चिकटपट्टी कापली. चकल्या, शंकरपाळ्या, नेवऱ्या म्हणजे करंज्या, आणि वर खसखस थापलेले अनारसे. नेवऱ्यांच्या सारणातही खसखस. आता खसखस ही आपल्या स्वयंपाकघरात वेलचीच्या शेजारी बसणारी वस्तू, पण संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते. सिंगापुरातही. ती अफूच्या बोंडाची बी आहे, एवढंच त्यांना दिसतं. अनारसे आणि नेवऱ्या मी परत दिल्या, चकल्या आणि शंकरपाळ्या नेल्या. ज्येष्ठ विमानात बराच वेळ बोलले नाहीत. न बोलोत.

म्हणून त्या पोरांना सांगतो, सहकाऱ्याचं पाकीट घ्यायचंच असेल तर उघडून, बघून, स्वतःच्या हाताने पुन्हा भरून घ्या. उघडू देत नसेल तर घेऊ नका. यात अपमान कसला?

या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, तीही सांगतो. दोघांची तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर काही विमान कंपन्या सामानाचं वजन एकत्र धरतात. मधलं विमान चुकलं तर दोघांना पुढच्या विमानात एकत्र बसवणंही सोपं जातं. तेव्हा बुकिंग एकत्र करा, जरूर करा. बॅग मात्र ज्याची त्याने भरावी.

औषधांचा एकच डबा, हा पाचवा नियम. औषधं बनवणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर हा फिरतो याचा मला जास्त राग आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी, ही आपल्याकडे डॉक्टरने सहज लिहून दिलेली असतात. अमिरातीत दोन्ही नियंत्रित आहेत. तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते आणि चिठ्ठी ज्याच्या नावाची त्यालाच ती लागू. सरांच्या पाठदुखीच्या गोळ्या भाचीच्या पर्समध्ये सापडल्या तर सरांची चिठ्ठी तिच्या काय उपयोगाची? प्रत्येकाने आपली औषधं मूळ पाकिटात, आपल्या चिठ्ठीसकट, आपल्या हातातल्या बॅगेत ठेवावीत.

पासपोर्ट ज्येष्ठाकडे सांभाळायला द्या म्हणे. पासपोर्ट कायदा १९६७, कलम १७: पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता. ती तुमच्या ताब्यात दिली आहे, तुमच्या साहेबांच्या नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब करा. रेल्वे स्टेशनवर एक बॅग चोरीला गेली तर दोघंही अडकतात: पोलिसांत तक्रार, मग वकिलात, मग मायदेशी परतण्यापुरता तात्पुरता दाखला. पासपोर्ट वेगवेगळे असतील तर निदान एकजण प्रदर्शनात उभा राहतो. पासपोर्टाची आणि व्हिसाची छायाप्रत मात्र एकमेकांच्या फोनमध्ये असावी. नियम लिहिणाऱ्याने हे सुचवलं असतं तर मी त्याला धन्यवाद दिले असते.

व्हिसाबद्दल लिहिलंय की एकाला व्यावसायिक कारणाने मिळाला की दुसऱ्याने पर्यटनाच्या कारणाने अर्ज करावा, लवकर होतं. एकाच स्टॉलवर उभे राहणार, एकाच हॉटेलात उतरणार, आणि एक कामाला आलाय, दुसरा फिरायला? सीमेवरचा अधिकारी निमंत्रणपत्र मागतो, येण्याचं कारण विचारतो, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची नोंद त्यांच्या संगणकात ५ वर्षांपर्यंत राहते. खोटं कारण दिल्याचा शिक्का एकदा बसला की पुढच्या प्रत्येक अर्जाला तो आडवा येतो.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाका, हा सल्ला तर सरळ धोकादायक. सुटी लिथियम बॅटरी पोटातल्या सामानात चालतच नाही, हातातच ठेवायची असते, १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. वीस हजार एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते. संपला विषय.

विमान उशिरा आलं तर भरपाई तिकीट काढणाऱ्या कंपनीची, असंही ठोकून दिलं आहे. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम भरपाई प्रवाशाला देतो, तिकिटाचे पैसे कोणीही भरलेले असोत. युरोपीय संघातून निघणारं कोणतंही विमान, किंवा तिकडे जाणारं संघातल्याच कंपनीचं विमान, ३ तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलं आणि चूक विमान कंपनीची असली तर लांबच्या अंतराला ६०० युरोपर्यंत. दोघांनी आपापला अर्ज करायचा.

आता ज्या नियमाने माझी झोप उडवली तो. ‘खर्च वाचवण्यासाठी एक खोली घ्यावी. परदेशात काही गैरसमज झाले तर तिथेच सोडून यावेत, ऑफिसच्या समितीला परदेशातल्या गोष्टीत अधिकार नसतो.’

‘गैरसमज’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलीला कळतं. आणि ‘अधिकार नसतो’ हे खोटं आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ कशाला म्हणायचं ते कलम २(ओ) मध्ये लिहिलं आहे. कामानिमित्त कर्मचारी जिथे जाईल ती कोणतीही जागा त्यात येते, मालकाने दिलेलं प्रवासाचं वाहनसुद्धा. जागा भारतातलीच हवी अशी अट त्या व्याख्येत कुठेही नाही. प्रदर्शनाचा हॉल, हॉटेल, विमानतळावर न्यायला आलेली गाडी, सगळं त्यात बसतं. तक्रार करणारी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघंही परत येऊन त्याच हजेरीपटावर सही करतात. अशा तक्रारींसाठी कंपनीत नेमलेल्या अंतर्गत समितीने चौकशी करायची ती त्यांचीच.

तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने. कारण पटलं तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते. म्हणून ‘तिथेच सोडून या’ हा सल्ला इतका वाईट आहे. मुलगी गप्प बसते आणि मुदत निघून जाते. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीत अंतर्गत समिती नसते, आणि गोव्यात अशा लहान निर्यातदार पेढ्या पुष्कळ आहेत. तिथे किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

खोलीबद्दल तर वाद घालायचीही माझी तयारी नाही. दोन माणसं, दोन खोल्या. कंपनीला दोन खोल्या परवडत नसतील तर एकाच माणसाला पाठवावं. पुरुष-पुरुष असले तरी माझं हेच म्हणणं आहे. भाचीबरोबरचे ज्येष्ठ सज्जन आहेत, मी त्यांना ओळखतो. तिने स्वतंत्र खोली मागितली म्हणून त्यांना वाईट वाटणार नाही.

राहिला आठवा: ‘चोवीस तास एकमेकांना सोडू नका.’ यात अर्धं खरं आहे हे मान्य करावं लागतं. सहकारी सोबत असण्याचा मोठा आधार असतो. युरोपातल्या एका प्रदर्शनात माझ्या सहकाऱ्याला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. सकाळी खोलीतूनच फोन, ‘तू जा, मी पडतो.’ त्याच्या ग्राहकांच्या भेटीही मी केल्या. त्या जमल्या, कारण आदल्या रात्री त्याने माझ्या वहीत प्रत्येकाचं नाव, तो काय विचारेल आणि कोणत्या दराच्या खाली उतरायचं नाही हे लिहून दिलं होतं. संध्याकाळी परतलो तेव्हा तो किटलीच्या गरम पाण्यात घरून आणलेले फोव म्हणजे पोहे भिजवून, वर गूळ-खोबरं घालून खात बसला होता. अर्धे माझ्यासाठी ठेवले होते.

पण तोच सहकारी आणि मी चौथ्या दिवशी जेवणाच्या बिलावरून भांडलो. नाश्ता एकत्र, ट्राम एकत्र, स्टॉल एकत्र, रात्रीचं जेवण एकत्र, आणि वर झोप अपुरी. भारतात रोज सहा वाजता आपापल्या घरी जाणारी माणसं तिकडे एकमेकांच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यात एक ज्येष्ठ आणि एक नवखा असला तर नवख्याला ‘आज मी एकटा जेवतो’ म्हणायची सोय राहत नाही. ही सोय ज्येष्ठाने निघण्याआधीच करून द्यायची असते. हॉटेलचा पत्ता, एकमेकांचे तिकडे चालणारे फोन नंबर, आणि बाहेर पडताना कुठे जातोय एवढा एक संदेश. संध्याकाळी सातनंतर ज्याने त्याने आपल्या मर्जीने जेवावं, झोपावं, फिरावं. सकाळी साडेआठला लॉबीत भेटलं की काम अडत नाही.