ठिपके म्हणे शिकवले!

डॉट मंडलाच्या, म्हणजे ठिपक्यांनी गोल नक्षी रंगवण्याच्या, वर्गांच्या जाहिरातींबरोबर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी चित्रं पारंपरिक नाहीतच, १९७१ साली एका गोऱ्या शिक्षकाने ती शिकवली. ठिपके ही नुसती सजावट. तेव्हा कोणीही काढावीत आणि विकावीत.

साल बरोबर आहे. शिक्षकही खरा, जेफ्री बार्डन. अॅलिस स्प्रिंग्सपासून सुमारे २४० किलोमीटरवरच्या पापुन्या वसाहतीत, शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या (पोटात मध साठवणाऱ्या मुंग्यांच्या) पूर्वजकथेचं चित्र झालं, पण ते काढलं तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी. बार्डनने रंग दिले, फळ्या दिल्या, विक्रीची खटपट केली. आकृत्या त्याच्या नव्हत्या. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, वाळूतून उठल्यावर मागे ठसा राहतो तशी. विधींच्या वेळी जमिनीवर आणि अंगावर अशाच खुणा रंगवत. नवं होतं ते अॅक्रिलिक, फळी आणि बाहेरचं गिऱ्हाईक. एवढ्यावर परंपरा खोटी ठरत असेल, तर जात्यावरची ओवी वहीत उतरवली की तीही खोटीच म्हणायची!

‘सजावट’ म्हणणाऱ्यांनी पापुन्याचे चित्रकार क्लिफर्ड पोसम जापाल्जारी यांचं १९७७ सालचं ‘वार्लुगुलाँग’ जरा नीट बघावं. सुमारे दोन बाय ३.४ मीटरचा कॅनव्हास. मध्ये भडकलेला वणवा, बाजूला दोन सांगाडे. लुंगकाटा या सरडा-पूर्वजाच्या मुलांनी शिकारीचं मांस बापाला न देता खाल्लं, म्हणून त्याने आग लावली. सांगाडे त्या मुलांचे. आणि हे घडलं ती जागा खरोखरची आहे. त्याच कॅनव्हासवरून इतर पूर्वजांच्या वाटाही जातात, पावलांच्या ठशांसकट. सुरुवातीच्या काही फळ्यांवर विधींतल्या गुप्त गोष्टी उघड दिसल्या, तेव्हा शेजारच्या आदिवासी समाजांतले लोक भडकले होते. मग चित्रकारांनी तो भाग गाळला आणि ठिपक्यांचं आवरण दाट होत गेलं. सगळेच ठिपके झाकण्यासाठी असतात असं नाही, पण शोभेपुरतेही नसतात.

राहिलं ‘कोणीही काढावीत’. याच वाळवंटातल्या वार्लपिरी लोकांत कथेचा हक्क वडिलांकडून येतो, त्या हक्कदाराला किर्दा म्हणतात. आईच्या बाजूने नातं असलेला कुर्दुंगुर्लु सगळं नीट चाललंय ना, यावर नजर ठेवतो. आपल्याच समाजातल्या दुसऱ्याची कथा रंगवायलाही तिथे मुभा नाही, मग इन्स्टाग्रामवरून उचलणाऱ्याची काय कथा! हे फक्त रूढीपुरतंही नाही. आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने १९९४ मध्ये १,८८,००० डॉलर भरपाई द्यायला लावली.

आणि ‘विकावीत’? ‘वार्लुगुलाँग’ पहिल्यांदा १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं. २००७ च्या लिलावात त्याचे २४ लाख आले. पोसम २००२ मध्येच वारले होते. पुनर्विक्रीतले पाच टक्के चित्रकाराला किंवा वारसांना देणारा कायदा लागू झाला २०१० मध्ये, आणि जुन्या विक्रीला, म्हणजे २००७ च्या त्या लिलावालाही, तो लागत नाही.