क्लॉक डबल करा आणि बिट्स मिळवा? इतकं सोपं नाहीये ते

हल्ली एक दावा खूप शेअर होतोय की सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटरला (ॲनालॉग सिग्नल गरजेपेक्षा खूप वेगाने सॅम्पल करून डिजिटल करणारं आणि त्यातली चूक फीडबॅक लूपने सिग्नलच्या बँडबाहेर ढकलणारं सर्किट) सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सीची लिमिट अशी नसतेच, क्लॉक डबल केला की सेकंड ऑर्डरमध्ये (म्हणजे लूपमध्ये दोन इंटिग्रेटर असतील तेव्हा) अडीच बिट वाढतात, कंटिन्युअस-टाइम (क्लॉकवरच्या स्विचेसऐवजी सतत चालणारं सर्किट) घेतलं की सेटलिंगची, म्हणजे प्रत्येक क्लॉकमध्ये व्होल्टेज वेळेत स्थिर होण्याची, कटकटही संपते, मग ऑर्डर कशाला वाढवायची. नवीन मुलं हे खरं धरून डिझाईनला बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अडीच बिटांचं. आकडा बरोबर आहे, 15 डीबी म्हणजे तेवढेच होतात, पण तो फक्त क्वांटायझेशन नॉईजचा, म्हणजे सिग्नल ठराविक पातळ्यांवर बसवताना होणाऱ्या चुकीचा आहे. इनपुटच्या कपॅसिटरवरचा थर्मल नॉईज शेप होतच नाही, म्हणजे लूप तो बँडबाहेर ढकलत नाही, 1 पिकोफॅरडला खोलीच्या तापमानात तो साधारण 64 मायक्रोव्होल्ट भरतो आणि क्लॉक वाढवला की नुसता जास्त बँडमध्ये पसरतो, म्हणजे डबल क्लॉकला 3 डीबी, अर्धा बिट, बस. हां, तेवढाच नॉईज चालणार असेल तर कपॅसिटर निम्मा करता येतो, हा फायदा खरा आहे, पण तो दावा करणारे सांगत नाहीत.

आता "लिमिट नसतेच". स्विच्ड-कपॅसिटर इंटिग्रेटरला (स्विच आणि कपॅसिटरने चार्ज गोळा करत बेरीज करणारी स्टेज) सेटल व्हायला अर्धाच क्लॉक मिळतो. 100 मेगाहर्ट्झला तो 5 नॅनोसेकंद, त्यातूनही दोन फेजमधली गॅप वजा होते, ती सोडली आणि 7 टाइम कॉन्स्टंट धरले तरी क्लोज्ड-लूप बँडविड्थ सव्वादोनशे मेगाहर्ट्झ लागते, फीडबॅक फॅक्टर (आउटपुटचा जेवढा भाग परत इनपुटला येतो तो) अर्धा असला तर ऑपॲम्पचा गेन-बँडविड्थ साडेचारशेच्या घरात जातो. क्लॉक चौपट केला की हेही चौपट. सेटलिंग थोडं अपुरं पण लिनिअर असेल तर लूप ते सांभाळून घेतो, पण ऑपॲम्प स्लू व्हायला लागला, म्हणजे त्याच्या कमाल वेगावर अडकला, की डिस्टॉर्शन येतं आणि पहिल्या इंटिग्रेटरमधलं डिस्टॉर्शन नॉईज शेपिंगने जात नाही.

कंटिन्युअस-टाइमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तिथे लिमिट संपत नाही, फक्त जागा बदलते. कंपॅरेटर आणि डॅकचा (डिजिटलचं परत ॲनालॉग करून लूपमध्ये देणारा भाग) मिळून 100 पिकोसेकंदांचा डिले 100 मेगाहर्ट्झला पिरियडच्या 1 टक्का असतो, 2 गिगाहर्ट्झला तोच 20 टक्के होतो आणि कॉम्पेन्सेशन नसेल तर लूप अनस्टेबल व्हायला लागतो. त्यात जिटर, म्हणजे क्लॉकच्या वेळेतली चूक. 1-बिट डॅकची प्रत्येक एज थोडी पुढेमागे झाली की तेवढा चार्ज चुकतो, आणि पिरियड लहान झाला की त्याच जिटरचा वाटा मोठा होतो. साध्या एनआरझेड डॅकला (पूर्ण पिरियडभर एकच पातळी धरणारा), जिटर व्हाईट, म्हणजे पूर्ण रँडम, आणि तेवढाच राहिला तर, क्लॉक डबल केल्यावर बँडमधला जिटर नॉईज कमी होत नाही, उलट 3 डीबीने वाढतो! म्हणून तर लोक मल्टिबिट किंवा एफआयआर डॅककडे वळतात, त्यांच्या आउटपुटच्या पायऱ्या लहान असतात.

राहिली ऑर्डर. 1-बिट क्वांटायझर आणि 64 ओव्हरसॅम्पलिंग (गरजेच्या 64 पट सॅम्पलिंग) धरा, फर्स्ट ऑर्डर थिअरीत साधारण 57 डीबी सिग्नल-टू-नॉईज देतो, सेकंड ऑर्डर 85. फर्स्ट ऑर्डरनेच 85 गाठायचं तर ओव्हरसॅम्पलिंग 560 च्या वर न्यावं लागतं, म्हणजे 20 किलोहर्ट्झच्या ऑडिओला क्लॉक 2.56 मेगाहर्ट्झवरून साडेबावीसवर, डेसिमेशन फिल्टरची (जास्तीचे सॅम्पल कमी करणारा डिजिटल फिल्टर) पहिली स्टेजही तेवढीच पळवायची, आणि एवढं करून आयडल टोन्स (इनपुट जवळपास स्थिर असताना आउटपुटमध्ये उमटणारे नको असलेले सूर) आहेतच. एका जास्तीच्या इंटिग्रेटरमध्ये हेच काम होतं.